उरलेल्या जुड्या

मुलांनो, जरा डोळे मिटा. पायांतल्या चपला काढून ठेवा, मनातल्या मनात बरं का. आता माझ्याबरोबर गोंदियाकडच्या एका धानाच्या बांधीत उतरा. बांधी म्हणजे चारी बाजूंनी मातीचा बांध घालून पाणी अडवलेला शेताचा तुकडा. त्या बांधाला तिकडे धुरा म्हणतात. पाऊल टाकलंत? चिखल बोटांच्या फटींतून वर येतोय ना? वर पाणी कोमट आहे आणि खाली माती गार. घाबरू नका, पायाला गुदगुल्या झाल्या त्या बेडकाच्या पिल्लांनी केल्या.

काळ मात्र आजचा नाही. तुम्ही मोठे व्हाल, एके दिवशी आरशात तुम्हाला आपला पहिला पांढरा केस दिसेल आणि तुम्ही तो पटकन उपटून टाकाल, त्या सुमाराचा हा काळ आहे. वैनगंगेच्या खोऱ्यात बोडीटोला नावाचं गाव आहे, आणि तिथे धुऱ्यावर गुडघ्यांना मिठी मारून एक मुलगी बसली आहे. ती अकरा वर्षांची पालवी. तिच्या बाबांचं नाव डिलेश्वर. गावच्या पाण्याची राखण करणं हे त्यांचं काम.

पाण्याची राखण कशी करतात, ते आधी समजून घेऊ.

पूर्वी धानाच्या बांधीत सगळा पावसाळा पाणी तुंबवून ठेवत. मग शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं, की पाणी सतत राहिलं तर रोपाची मुळं आळशी होतात. पाणी वरच मिळतंय, तर खोल जायचं कशाला? पाणी काही दिवस उतरवलं, तर तीच मुळं पाण्याच्या शोधात खाली खाली जातात. रोप दणकट होतं आणि दाणा भरतो. पण बांधी सुकली की तिच्यातल्या गोगलगायी, मासे, बेडूक यांनी जायचं कुठे? म्हणून बोडीटोल्याच्या सगळ्या बांधींच्या धुऱ्यांत बोटाएवढे हजारो श्रवणकांडे पुरले होते. ते मुळांची ओल मोजत आणि बेडकांचं ओरडणंही ऐकत. कुठल्या बांधीत अंडी घातली आहेत, कुठे पिल्लं अजून पाण्यावाचून जगणार नाहीत, हे त्यांना आवाजावरून कळे. मग धुऱ्यांतली छोटी दारं आपोआप उघडत आणि मिटत. एक बांधी उतरे तेव्हा शेजारची भरलेली असे, आणि जीव एकीतून दुसरीत सरकत. या सगळ्या जाळ्याला गाव जलनाडी म्हणे. जलनाडी आली आणि सात वर्षांत धान दीडपट झालं. नाहीसे झालेले मासे परतले, पाणसाप परतले, बगळ्यांनी धुरे पांढरे झाले.

जलनाडीबरोबर आणखी एक यंत्र आलं होतं. सहा पायांचं, चिखलात न रुतता तिरकं तिरकं चालणारं, पोटातल्या ट्रेमधून मोजून रोपं काढून लावणारं. गावातल्या पोरांनी त्याला खेकडा म्हणायला सुरुवात केली आणि मग सरपंचसुद्धा खेकडाच म्हणू लागले. खेकडा एका दिवसात वीस बायकांची रोवणी करी. रोवणी म्हणजे धानाची रोपं, तिकडच्या भाषेत पऱ्हे, चिखलात लावणं.

आता मला सांगा, त्या वीस बायका कुठे गेल्या?

त्यांतली एक पालवीची आई होती. वनिता तिचं नाव. रोवणीच्या टोळीत तिच्याइतका चपळ हात कुणाचा नव्हता. बायका एका ओळीत वाकून उभ्या राहत आणि रोपं लावत लावत मागे मागे सरकत. प्रत्येकीच्या वाट्याला येणाऱ्या पट्ट्याला पात म्हणत. पालवी चार वर्षांची असताना आईच्या डाव्या हाताला, आपल्या वीतभर पातीत, वाकडीतिकडी रोपं खोचत असे. आई म्हणायची, "तुह्या उजव्या हातले माही पात. तिकडे घुसू नको, नाईतर चिखल फेकून मारीन." आणि खरंच मारायची. मग दोघी हसत.

खेकडा आला त्या वर्षी टोळी घरी बसली. दुसऱ्या वर्षी बायका पांगल्या. वनिता हैदराबादेकडच्या एका मोठ्या गोदामात कामाला गेली. दिवाळीला चार दिवस येई. एरवी फोनच्या चौकोनात दिसे.

"आई, पोळ्याले ये ना," पालवी दर वर्षी म्हणे.

"येऊन काय करू बेटा? रोवणी असती तर दोन महिने राहाले आली असती. आता हाताले कामच नाई तिथं." आणि मग, जरा थांबून, "तुहे बाबा काय करून रायले?"

"खेकडा धुऊन रायले."

"धू म्हणा. मलेबी एवढं कधी धुतलं नाई कोणी."

हे ऐकायला बाबा जवळच असत. ते हसत नसत. जलनाडी गावात आणण्यासाठी सर्वांत जास्त खटपट त्यांनीच केली होती, आणि ती त्यांनी कशासाठी केली होती, हे पालवीला ठाऊक होतं. सारसांसाठी.

सारस तुम्ही पाहिला आहे का? आपल्याकडचा सर्वांत उंच पक्षी. करडं अंग, लाल मान, आणि उभा राहिला की तुमच्या बाबांच्या खांद्याला लागेल एवढा. तो जोडीनं राहतो आणि जोडीनं बोलतो. नर मान उंचावून एक लांब हाक देतो, तिच्यातच मादी आपल्या दोन आखूड हाका मिसळते. लांबून ऐकलं तर वाटतं, एकच पक्षी ओरडतोय. डिलेश्वर लहान असताना त्यांच्या बांधीत अशी एक जोडी होती. मादी विजेच्या तारेला लागून मेली. नर पुढे दोन वर्षं येत राहिला. आपली लांब हाक देई, मधे दोन हाकांपुरती जागा सोडून थांबे, आणि पुन्हा देई.

"ती जागा रिकामी ऐकू ये," बाबा पालवीला सांगत. "मंग एक दिवस तोबी नाई आला."

त्यानंतर जिल्ह्यात सारस उरला नाही. आता सगळं परतलं होतं, तेवढा सोडून.

या वर्षी मृगात तुरकर मॅडम एक जोडी घेऊन आल्या. मॅडम पक्ष्यांच्या शास्त्रज्ञ होत्या. दुसऱ्या राज्यातून अंडी आणून त्यांनी ही पाखरं वाढवली होती, त्यांच्या पायांत ठिकाणा सांगणारी कडी घातली होती. त्यांनी गावाला स्पष्ट सांगितलं, "पोळ्यापर्यंत या जोडीनं घरटं केलं, तर पुढच्या वर्षी आणखी चार जोड्या इथे सोडू. नाही केलं, तर ही जागा त्यांना मानवत नाही असं धरावं लागेल. मग यांना परत नेऊ, आणि पुन्हा इथे आणणार नाही."

जोडी राहिली. गोगलगायी खाल्ल्या, बेडूक खाल्ले, दोघांनी मिळून हाका दिल्या. पहिली हाक ऐकली त्या दिवशी बाबांनी हातातलं फावडं खाली ठेवलं आणि ते परत उचलायला विसरले. पण आषाढ सरला, श्रावण लागला, तरी घरटं काही होईना. मॅडम रोज आकडे पाहत. पाण्याची खोली बरोबर, खाणं भरपूर, तारा तर केव्हाच जमिनीखाली गेलेल्या. "काय कमी आहे, तेच कळत नाही हो," त्या बाबांना म्हणत.

पालवी शाळेतून आली की धुऱ्यावर बसे. तिला आकडे ठाऊक नव्हते, म्हणून ती पक्ष्यांकडेच बघे. नर एखादं धानाचं रोप चोचीत धरी आणि ओढी. मान ताणून ओढी. रोप काही निघत नसे. मग तो चोच उघडून उभा राही आणि मादी दुसरीकडे चालू लागे. हे तिनं कितीतरी वेळा पाहिलं. तिला वाटलं, खेळत असतील.

त्याच दिवसांत पालवीनं एक चोरटं काम केलं.

घरात पत्र्याच्या डब्यात आईनं जपलेलं जुन्या धानाचं बियाणं होतं. पालवीनं ते मोरीच्या मागे ओलाव्यात पेरलं आणि रोपं वीतभर झाल्यावर आईसारख्या मुठीमुठीच्या जुड्या बांधल्या. तीस जुड्या झाल्या. आता रोवायच्या कुठे? धुऱ्यावरून बाबा रोज जात, त्यांना दिसलं असतं. गावाबाहेरच्या तळ्याजवळ, त्या टोकाच्या बांधीत मधोमध जुन्या मोहाचा एक बुंधा होता. त्याला अडकायला नको म्हणून खेकडा त्याच्याभोवती दहा-बारा पावलांचं वर्तुळ मोकळंच सोडी. एका रविवारी बाबा पंचायतीत गेले, आणि पालवी जुड्यांची पाटी घेऊन त्या वर्तुळात उतरली.

दोन ओळी झाल्या आणि तिची कंबर भरून आली. आई दिवसभर हे कसं करत असेल? शिवाय ओळी अशा वाकड्या, की आईनं चिखल फेकूनच मारला असता. पालवी उजवीकडे बघून हसली. उजवीकडे नुसतं पाणी होतं.

उरलेल्या जुड्या तिनं परत नेल्या नाहीत. टोळीच्या बायका रोवणी संपली की उरलेल्या जुड्यांचा ढीग बांधीच्या मधोमध पाण्यातच ठेवून जात. पाण्यात रोपं टवटवीत राहतात. आठ दिवसांनी जिथे रोप मेलं असेल, तिथे नांगे भरायला ती उपयोगी पडतात. पालवीनंही तसाच ढीग रचला आणि ती घरी आली.

चौथ्या दिवशी मॅडम ओरडतच अंगणात शिरल्या. "डिलेश्वरभाऊ! घरटं! तळ्याजवळच्या बांधीत घरटं धरलंय!"

तिघं धावत धुऱ्यावर गेली. बुंध्याजवळ नर उभा होता. चोचीतली रोपं तो मादीच्या पायाशी ठेवत होता आणि ती मान वाकवून त्यांना नीट लावत होती. मॅडमनी पाखराएवढा कॅमेरा वर उडवला आणि हातातल्या काचेवर चित्र मोठं केलं.

"इथेच का?" त्या पुटपुटल्या. "अरे! या दोन ओळी कुणी लावल्या? ही खेकड्याची रोवणी नाही."

बाबांनी पालवीकडे पाहिलं. तिनं पायांकडे पाहिलं.

"मी. आईसारखी करून पाहत होती."

मॅडमनी तिच्या पाठीवर अशी थाप मारली, की ती धुऱ्यावरून पडता पडता राहिली. "अगं, मग हेच ते! हाताची रोवणी! खेकडा कसा एकसारखा लावतो, एवढ्या मोठ्या पक्ष्याला त्यात वावरता येत नसणार. हाताची विरळ असते, कमीजास्त असते. डिलेश्वरभाऊ, पुढच्या वर्षी चाळीस बांधी हातानं रोवून घ्यायच्या. मी उद्याच लिहून पाठवते. तुमच्या टोळीच्या बायका येतील ना परत?"

"येतील?" बाबा दोन पावलं पुढे आले. "बोलवा तर खरं."

"रोपं मात्र खेकड्याच्याच ट्रेमधून देऊ, मोजून. एकही काडी वाया जायला नको."

त्या संध्याकाळी पालवीनं आईला फोन लावला. बोलता बोलता तिला धाप लागली. फोनच्या चौकोनात आईचा चेहरा आधी नुसता ऐकत राहिला, मग हलू लागला.

"चाळीस बांधी? मंग बारा जणी तरी पायजे. पारबताकाकीले मी सांगतो, तिचे गुडघे गेले, पण ती येईन. पालवी, माही रोवणीची हिरवी साडी आहे ना, पेटीत खाली? ती उन्हात घाल. कसर लागली असंन." मग ती हसली. "अन् तुले रोवता आलं? दोन ओळी?"

"वाकड्या आल्या."

"येऊ दे. बाकीच्या जुड्यांचं काय केलंस?"

"मधात ढीग करून ठेवला, तुमी ठेवत होत्या तसा. तो नर त्यातल्याच नेऊन रायला घरट्याले."

आई फोनच्या अगदी जवळ आली. तिनं आयुष्यात हजार बांधी रोवल्या होत्या. तिला कळायला वेळ लागला नाही.

"ओळींत नाई फिरत तो?" तिनं हळूच विचारलं.

"ओळींकडे तर पाहतबी नाई."

आईनं डोळ्यांवरून हात फिरवला. "मंग मॅडमले..." ती म्हणाली, आणि वाक्य तिथेच सोडलं. मग तिनं विचारलं, "जेवलीस का?"

सकाळी पालवीनं हिरवी साडी दोरीवर वाळत घातली. तिला चिखलाचा जुना वास येत होता. आईनं अर्धं सोडलेलं वाक्य तिला रात्रीच कळलं होतं: सारस ओळींसाठी आले नव्हते, ढिगासाठी आले होते. पण आता कुणालाच काही सांगायची गरज नव्हती. खोटंसुद्धा बोलायचं नव्हतं. नुसतं गप्प राहिलं की झालं. पुढच्या मृगात आई येणार, दोन महिने राहणार.

ती धुऱ्यावर गेली तेव्हा मॅडम टेबल मांडून लिहीत होत्या आणि बाबा पाण्याच्या दाराशी खटपट करत होते. वरच्या अंगाला रात्रभर पाऊस झाला होता. बाबांनी सगळी दारं उघडली होती, तरी पाणी बोटाबोटानं चढत होतं.

"काळजी नको," मॅडम म्हणाल्या. "सारस हुशार असतो. पाणी चढलं की तो घरट्यावर आणखी काड्या रचतो. घरटं पाण्याबरोबर उंच होत जातं. आणि काल एक अंडं घातलंय तिनं."

पालवीनं बुंध्याकडे पाहिलं. तिनं रचलेला ढीग संपला होता. नरानं शेवटची जुडी नेऊन ठेवली आणि तो परत त्याच जागी आला. नुसत्या पाण्यात चोच घालून शोधू लागला. मग तो खेकड्यानं लावलेल्या धानाकडे गेला, एक रोप धरलं, आणि ओढलं. मान ताणून ओढलं. रोप निघालं नाही. दुसरं धरलं. मादी घरट्यावर उठून उभी राहिली होती. पाणी खालच्या काड्यांना लागलं होतं.

तो खेळत नव्हता. तो कधीच खेळत नव्हता.

"मॅडम," पालवी म्हणाली. "हातच्या रोवणीनं नाई झालं ते."

"काय?"

"त्याले मोकळे पऱ्हे पायजे. रोवलेले नाई. उरलेले." तिनं सगळं सांगितलं. ढीग, जुड्या, कितीतरी दिवस ओढून ओढून थकलेला नर. सांगताना ती दोरीवरच्या साडीच्या दिशेला पाठ करून उभी राहिली.

मॅडमच्या हातातलं पेन थांबलं. त्यांनी मान वळवून नराकडे पाहिलं.

"मुळं," त्या म्हणाल्या. "आपण पाणी उतरवून मुळं खोल नेली. दणकट केली. आता ती त्याच्यानं उपटत नाहीत. आणि मोकळं रोप तर सगळ्या शिवारात एकही नाही, कारण आपला खेकडा मोजून लावतो." त्यांनी कपाळाला हात लावला. "तीस वर्षांच्या नोंदी आहेत माझ्याकडे. घरट्याच्या खोलीच्या, रुंदीच्या. त्याच्या बुडाशी बायकांच्या उरलेल्या जुड्या असायच्या, हे कुणी लिहिलंच नाही. पसारा कोण लिहून ठेवतो?"

मग त्यांनी चाळीस बांधींचा कागद समोर घेतला आणि त्यावर आडवी रेघ मारली. त्यांना त्या रेघेखाली काय होतं, ते ठाऊक नव्हतं. त्या खुशीत म्हणाल्या, "म्हणजे काम सोपंच झालं! खेकड्यालाच शिकवू, दर बांधीत जुड्यांचा एक ढीग टाकायला. उद्यापासून टाकेल तो."

"उद्या," बाबा म्हणाले. ते पाण्याकडे बघत होते. मग त्यांनी लेकीकडे पाहिलं. तिला काय सोडावं लागलं, ते त्यांना ठाऊक होतं. तिच्या डोक्यावर हात ठेवावा असं त्यांना वाटलं असेल, पण ते हात चिखलाचे होते, म्हणून त्यांनी ते नुसते पुसले. "आज काय करायचं?"

मोरीच्या मागे थोडी रोपं अजून उरली होती. पालवी धावत गेली. सगळी उपटली, जुड्या बांधल्या आणि पाटी कमरेला लावून पाण्यात उतरली. ताठ उभ्या माणसाला सारस बुजतो, हे बाबांनी तिला सांगितलं होतं. टोळीच्या बायकांना तो कधी बुजत नसे, कारण त्या वाकलेल्या असत. म्हणून ती वाकून, हळूहळू, मागे मागे सरकत गेली. घरट्यापासून वीस पावलांवर तिनं जुड्या रचल्या आणि तशीच वाकून परत आली. नर थोडा वेळ मान वाकडी करून बघत राहिला. मग पुढे आला. पहिली जुडी उचलली.

दुपारपर्यंत घरटं वीतभर उंच झालं. मादी अंड्यावर बसली. नरानं लांब हाक दिली, आणि बसल्या जागेवरून तिनं तिच्यात आपल्या दोन हाका घातल्या. बाबा धुऱ्यावर डोळे मिटून ऐकत होते.

पालवीच्या पाटीत एक जुडी उरली होती.

धुऱ्याला लागून चार हात रुंद जागा खेकड्याला वळायला मोकळी ठेवलेली असते. पालवी तिथे उतरली. ओढणी कमरेला खोचली, वाकली, आणि पहिलं रोप चिखलात लावलं.

"खेकडा तिथून वळते, बेटा," बाबा हळूच म्हणाले.

तिनं ऐकलं. तरी दुसरं रोप लावलं, तिसरं लावलं, आणि मागे सरकली. डाव्या अंगाला धरून ती लावत गेली, आणि उजव्या हाताला एका बाईची पात मोकळी सोडली.